आयतं काय मिळालं ते आधी लिहून काढा: सॉफ्टवेअर कंपनीतल्या टीम लीडसाठी

हिंजवडी, खराडी, ऐरोली किंवा नागपूरच्या मिहानमध्ये बसून ज्यांना चार-दोन माणसं निवडायचा, कामं वाटायचा आणि अप्रेझलमध्ये शब्द टाकायचा अधिकार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. म्हणजे टीम लीड, मॉड्यूल लीड, मॅनेजर. कंपनीच्या भिंतीवर विविधतेची कितीही पोस्टर्स लावा, कोण आत येणार आणि आल्यावर कोण टिकणार हे प्रत्यक्षात हीच मंडळी ठरवतात. खासगी कंपनीत आरक्षण नाही. त्यामुळे निवड आडनाव, ओळख, इंग्रजी आणि ‘आपल्यातला वाटतो’ एवढ्यावर होण्याची भीती सरकारी कचेरीपेक्षा इथे जास्तच. म्हणून आधी स्वतःला आयतं काय मिळालं याचा हिशेब करायचा, आणि मग भरती, कामवाटप, अप्रेझल तपासायचं.

लागणारं साहित्य थोडकं आहे: एक निवांत तास, एक कोरी शीट, टीममधल्या मागच्या दोन वर्षांच्या भरतीची आणि अप्रेझलची यादी. ही शीट ऑफिसच्या ड्राइव्हवर ठेवू नका. ती फक्त तुमच्यासाठी आहे.

स्वतःचा हिशेब

शीटमध्ये चार रकाने करा. पहिल्यात आयती मिळालेली गोष्ट. दुसऱ्यात ती कोणामुळे मिळाली. तिसऱ्यात ती नसती तर किती पैसे किंवा किती वर्षं जास्त लागली असती. चौथ्यात ती आजही कामाला येते का आणि ऑफिसात नेमकी कुठे. बहुतेक जण पहिले दोन रकाने भरून थांबतात. चौथा भरला नाही तर सगळं मुसळ केरात.

रकाने भरताना हे प्रश्न स्वतःला विचारा:

- घरात तुमच्याआधी पदवीधर कोण होतं? कॅप राउंडला (इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशफेरीला) कॉलेजांचे पर्याय लावताना कोणाला विचारलंत?
- शाळा कुठल्या माध्यमाची? इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला विषय अवघड होता की भाषा?
- स्वतःचा लॅपटॉप कितव्या वर्षी आला?
- फी कोणी भरली? पहिल्या पगारातून कर्जाचा हप्ता गेला का? आज घरी दरमहा किती पाठवावे लागतात?
- पहिली नोकरी लागेपर्यंत बिनपगारी किती महिने काढता आले, आणि कोणाच्या घरी राहून?
- भाड्याने खोली बघताना आडनाव, धर्म किंवा ‘नॉनव्हेज खाता का’ यावरून घरमालकाने कधी परत पाठवलं का?
- नव्या टीममध्ये कोणी पूर्ण नाव पुन्हा विचारून ‘मूळचे कुठले?’ म्हटलं, तेव्हा उत्तर द्यायच्या आधी विचार करावा लागला का?
- रात्री साडेदहाला डिप्लॉयमेंट संपलं तर कॅबमध्ये बसताना घरी लोकेशन पाठवावं लागतं का?
- तुम्ही उशिरापर्यंत कॉलवर असता तेव्हा घरचा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, आईवडिलांची औषधं कोण बघतं?
- जिना चढायला, स्क्रीन वाचायला, कॉलवर ऐकायला वेगळी तयारी करावी लागते का?
- टीम डिनरला जोडीदाराचा उल्लेख सहज करता येतो का?

एक ओळ भरून बघू. समजा पहिल्या रकान्यात आहे ‘पुण्यात मामाचं घर’. नोकरी शोधताना तिथे सात महिने काढले. कॉट बेसिसचं भाडं महिन्याला ६ हजार आणि मेस ३ हजार धरली तर ६३ हजार रुपये वाचले. हा झाला तिसरा रकाना. चौथ्यात काय लिहाल? नोकरी गेली तरी डोक्यावर छप्पर आहे, म्हणून स्टार्टअपमध्ये उडी घेता आली. मॅनेजरशी भर मीटिंगमध्ये वाद घालता आला. रविवारच्या ऑन-कॉलला नाही म्हणता आलं. आता टीममधला जो पोरगा मीटिंगमध्ये कधीच ‘नाही’ म्हणत नाही आणि ज्याच्या अप्रेझलमध्ये तुम्ही ‘इनिशिएटिव्ह कमी’ असं लिहिलंय, त्याच्या मागे कर्जाचा हप्ता आणि गावाकडची दोन शिक्षणं आहेत का, हा विचार करून बघा. ज्याला तुम्ही स्वभाव समजत होतात, तो जमाखर्च असू शकतो.

ही यादी करताना लोक तीन ठिकाणी हमखास अडकतात. पहिलं, ‘मीही कष्ट केलेत.’ केलेच असणार. वर्षभर रात्री जागून सीईटीचा अभ्यास केला हे खरं, आणि त्या वर्षात घरात कोणी कमवायला सांगितलं नाही हेही खरं. शीटमध्ये यातली घरच्यांची गोष्ट लिहायची आहे, कष्टांची नाही. दुसरं, अपराधी वाटणं. त्याने टीममधल्या कोणाचंही काम सोपं होत नाही, उलट समोरच्याला तुमची समजूत घालत बसावं लागतं. तिसरं, एकाच अंगाने मोजणं. मराठवाड्यातल्या छोट्या गावातून, मराठी माध्यमातून, मागास जातीतून आलेल्या पुरुषालाही रात्रीच्या कॅबचा प्रश्न पडत नाही. पुण्यातल्या एरंडवण्यात वाढलेल्या ब्राह्मण मुलीला तो रोज पडतो, पण आडनावाचा पडत नाही. दोघांच्याही शीटमध्ये नोंदी निघाल्या पाहिजेत. कोणाचं दुःख मोठं अशी शर्यत लावलीत की दोघंही शीट मिटून टाकतात.

भरती: सगळ्यात मोठी गळती इथे

आडनावाने काय होतं हे अंदाजावर सोडायची गरज नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा ठेवला. २००७ साली त्यांचे निष्कर्ष ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त छापून आले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याचं प्रमाण सुमारे दोन तृतीयांश भरलं, मुस्लीम नावाला सुमारे एक तृतीयांश. अर्ज चाळणारी माणसं दुष्ट होती असं यातून निघत नाही. बाकी सगळं सारखं असताना नुसत्या नावाने फरक पडतो, एवढं मात्र निघतं. त्याच अंकात एचआर मॅनेजरांच्या मुलाखतींवर आधारलेला लेखही होता. मुलाखतीत ‘फॅमिली बॅकग्राउंड’ विचारणं त्या मॅनेजरांना अगदी रास्त वाटत होतं. आजही वाटतं.

सुरुवात जाहिरातीपासून करा. प्रत्येक अटीसमोर एकच प्रश्न: ही नसेल तर पहिल्या तीन महिन्यांत कुठलं काम अडेल? उत्तर सुचलं नाही तर अट खोडा. ‘दहावी, बारावी, डिग्री तिन्हीकडे ६० टक्के’ या थ्रूआउटच्या अटीला बहुतेकांना उत्तर सुचत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून पंधराव्या वर्षी दिलेल्या परीक्षेत ५७ टक्के पडले, म्हणून बाविसाव्या वर्षी जावा येत नाही असं थोडंच आहे? ‘शिक्षणात एक वर्षापेक्षा जास्त गॅप नको’ ही अट तशीच. गॅप कोणाला पडतो? फीसाठी वर्षभर काम केलेल्याला, जात पडताळणीच्या दाखल्यासाठी ॲडमिशन हुकलेल्याला, घरच्यांनी मध्येच शिक्षण थांबवलेल्या मुलीला. एचआर म्हणेल की अर्ज दहा हजार येतात, चाळणी तर हवीच. बरोबर आहे. मग ६० ते ९० मिनिटांची कामाशी जोडलेली ऑनलाइन टेस्ट ठेवा, नमुना प्रश्न आठवडाभर आधी द्या, आणि टक्क्यांची चाळणी काढून टाका.

‘उत्तम इंग्रजी संभाषण’ याऐवजी काम लिहा: क्लायंटच्या ईमेलला लेखी उत्तर देता आलं पाहिजे. आणि तेच तपासा. एक खरी वाटणारी तक्रार द्या, २० मिनिटं द्या, उत्तर लिहून घ्या. अस्खलित बोलणारे कित्येक जण इथे गडबडतात आणि अडखळत बोलणारे नेमकं लिहितात.

मग रेफरल. हा फार सोयीचा आणि फार बेरकी प्रकार. प्रत्येक जण आपल्या कॉलेजातल्या, आपल्या सोसायटीतल्या, आपल्या नात्यातल्या माणसाचा सीव्ही पुढे करतो. सुरुवातीला टीम एकसारखी असेल तर रेफरलने ती आणखी एकसारखी होते, आणि कंपनी वर त्याचा बोनसही देते. रेफरल बंद करा असं सांगून कोणी ऐकणार नाही. नियम असा करा: मुलाखतीच्या यादीत जितके रेफरलचे, किमान तितकेच बाहेरचे. शिवाय रेफर कोणी केलं हे मुलाखत घेणाऱ्याला कळता कामा नये. बाहेरचे आणायचे कुठून? पुण्यातल्या ठरावीक तीन-चार कॉलेजांपुढे बघा. कराड, अवसरी, जळगाव, यवतमाळ, चंद्रपूर इथे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. जिल्ह्याजिल्ह्यात सरकारी तंत्रनिकेतनं आहेत. प्लेसमेंट ऑफिसरला फोन करा आणि ड्राइव्ह तिकडेच ठेवा. जाणं जमत नसेल तर पहिली फेरी ऑनलाइन घ्या.

सीव्ही तुमच्या हातात येण्याआधी झाकून घ्या. हे काम मुलाखतीत नसलेल्या कोणाकडे तरी सोपवा. नाव, वडिलांचं नाव, फोटो, पत्ता, जन्मतारीख, लिंग, वैवाहिक स्थिती, कॉलेजचं नाव काढून अर्जाला नंबर द्यायचा. हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी: ईमेल आयडीतलं आडनाव, गिटहबच्या लिंकमधलं नाव, ‘समाजाच्या मंडळाकडून गुणगौरव’ अशी ओळ, वसतिगृहाचं नाव, शिष्यवृत्तीचा प्रकार, आणि पीडीएफ फाइलचं स्वतःचं नाव. एवढं केलं तरी मुलाखतीच्या दारात झाकण उघडतंच. पुढचं काम गुणपत्रिकेचं.

गुणपत्रिका अशी बनवा. चार निकष पुरे: कोड वाचता येणं, कोड लिहिता येणं, चूक शोधायची पद्धत, आपलं म्हणणं समजावून सांगणं. प्रत्येकाला १ ते ४ गुण. पाचची पट्टी ठेवली की सगळे ३ देऊन मोकळे होतात, चारमध्ये एका बाजूला झुकावंच लागतं. प्रत्येक गुणाचा अर्थ आधी लिहून ठेवा. उदाहरणार्थ चूक शोधण्यात २ म्हणजे ‘सुचवल्यावर लॉग बघितला’, ३ म्हणजे ‘न सांगता लॉग बघून शक्यता कमी करत नेल्या’. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, तितकाच वेळ. मुलाखत संपताच, एकमेकांशी अवाक्षर न बोलता गुण भरायचे. नंतरच्या चर्चेत सगळ्यात ज्युनिअर माणसाने आधी बोलायचं. मॅनेजर आधी बोलला की बाकीचे मान डोलावतात.

मुलाखतीत हे प्रश्न बंद: ‘बाबा काय करतात?’, ‘मूळचे कुठले?’, ‘लग्नाचं काय ठरलंय?’, ‘सीईटीत रँक किती होती?’ यातला शेवटचा निरागस वाटतो. पण रँक आणि कॉलेज एकत्र ठेवलं की प्रवेश कुठल्या प्रवर्गातून झाला हे काढता येतं, आणि विचारणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. ‘कुठे राहता?’ याऐवजी ‘शिफ्ट दोन ते अकरा आहे, जमेल का?’ असं विचारा. कोणी ‘कल्चर फिट वाटत नाही’ म्हणालं तर एकच सांगायचं: कुठल्या प्रश्नाच्या कुठल्या उत्तरावरून, ते लिही. नव्वद टक्के वेळा पुढे काही लिहिलं जात नाही, असं म्हणायचा मोह होतो. आकडा सोडा, स्वतः लिहायला लावून बघा.

पगाराचा मुद्दा एचआरचा म्हणून सोडून देऊ नका. ‘लास्ट ड्रॉनवर ३० टक्के’, म्हणजे आधीच्या कंपनीतल्या शेवटच्या पगारावर ३० टक्के वाढ, ही रीत जुनी तफावत पुढे ओढत नेते. दोघांची सुरुवात ३.५ लाख आणि ७ लाखांनी झाली, आणि दोघांनी तीनदा ३० टक्के वाढ घेऊन नोकरी बदलली, तर पगार होतात ७.६९ आणि १५.३८ लाख. फरक साडेतीनवरून जवळजवळ पावणेआठ लाखांवर गेला. मधल्या काळात काम तेच असेल तरी. उपाय सोपा आहे आणि कंपन्यांना आवडत नाही: मुलाखतीआधीच पदाचा पगारपट्टा ठरवा आणि जुनी सॅलरी स्लिप मागणं थांबवा. धोरण तुमच्या हातात नसेल तर निदान ऑफर काढताना एचआरला लेखी कळवा की या पदावरच्या बाकीच्यांना किती मिळतंय.

आत आल्यावर

दोन आठवडे मीटिंगमध्ये मोजा. कोण किती वेळा बोललं, कोणाचं वाक्य मध्येच तोडलं गेलं, एकीने मांडलेली कल्पना दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या नावावर कशी जमा झाली. नावापुढे काड्या मारत गेलात तरी पुरे. तोडलेलं वाक्य परत आणण्यासाठी भाषण नको: ‘थांब, तिचं पूर्ण होऊ दे.’

बिनकौतुकाच्या कामांची पाळी लावा. मीटिंगचे मिनिट्स, फेअरवेलची वर्गणी, दिवाळीची रांगोळी, नव्या माणसाला ऑफिस दाखवणं. ही कामं न सांगता बायकांकडे जातात आणि अप्रेझलमध्ये मोजली जात नाहीत. एम्प्लॉयी आयडीच्या क्रमाने पाळी लावा, म्हणजे ‘तिला आवडतं म्हणून’ हे कारण उरत नाही. दुसऱ्या बाजूला गेल्या बारा महिन्यांत क्लायंट डेमो कोणी दिले, ऑनसाइटला कोण गेलं, आणि रात्रीचा सपोर्ट कोणी ओढला याचा तक्ता करा. रात्रीचा सपोर्ट ओढणाऱ्यांची नावं डेमो आणि ऑनसाइटच्या यादीत दिसत नसतील तर प्रमोशनचा निकाल आधीच लागलाय.

भाषेवरून होणारी थट्टा मराठी टीममध्ये जास्त टोचते, कारण ती गमतीच्या नावाखाली चालते. ‘पानी’, ‘आनी’ म्हणणाऱ्याला सुधारणं, वऱ्हाडी किंवा अहिराणी हेल काढून दाखवणं. ज्याची नक्कल होते तोही हसतो, मग हळूहळू डेमोत बोलायचं टाळायला लागतो. लीडने पहिल्याच वेळी अडवलं तर एका वाक्यात काम भागतं, सहा महिन्यांनी भागत नाही. आणि खोलीत एक जरी मराठी न समजणारा असला तर कामाचं बोलणं त्याला समजेल अशा भाषेत करा. चहाच्या टपरीवर खुशाल मराठी बोला.

डबा हा आपल्याकडचा मोठा विषय. ‘मायक्रोवेव्हमध्ये मासे गरम करू नयेत’ अशी चिठ्ठी दिसली तर बघा, लसणाच्या फोडणीबद्दल चिठ्ठी आहे का. वासाचा नियम करायचाच असेल तर सगळ्या वासांना लागू करा: झाकण लावून गरम करणं, एक्झॉस्ट चालू ठेवणं. पंगत वेगळी बसत असेल तर लीडने जागा बदलून बसावं, न बोलता. टीम पार्टी दर वेळी रात्री दहानंतर आणि दारूच्या ठिकाणीच असेल तर काही जण कायमचे बाहेर राहतात. चारातल्या दोन पार्ट्या दुपारच्या जेवणाच्या करा. रमजान चालू असेल तर तारीख पुढे घ्या.

सुट्ट्यांकडेही बघा. गणपतीला कोकणात जाणाऱ्याची रजा कोणी प्रश्न न विचारता मंजूर होते, रिलीजचं नियोजनच तसं असतं. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला किंवा दसऱ्याला दीक्षाभूमीला जाणाऱ्याला मात्र कारण समजावून सांगावं लागतं, आणि समजावताना बरंच काही उघडं करावं लागतं. वर्षाच्या सुरुवातीला टीम कॅलेंडरवर १४ एप्रिल, ६ डिसेंबर, दोन्ही ईद, नाताळ, गणपती, एकादशी सगळं एकाच रंगात टाका. रजेच्या अर्जात कारणाचा रकाना ऐच्छिक ठेवा.

कॉफी मशीनपाशी ‘कोट्यातले’, ‘मेरिट’ वगैरे सुरू झालं की काय बोलायचं ते आधीच ठरवून ठेवा, कारण ऐन वेळी सुचत नाही. साधं वाक्य पुरतं: ‘त्याच्या कोडबद्दल बोल. कट-ऑफचा आपल्या रिलीजशी संबंध नाही.’ आवाज न चढवता, तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर. नंतर बाजूला घेऊन सांगितलं तर ज्याने निमूट ऐकून घेतलं त्याला कळतच नाही की कोणी बोललं. ज्याच्याबद्दल चाललंय त्याला मात्र साक्षीला ओढू नका. ‘तू सांग ना तुझा अनुभव’ हे तर मुळीच नको. आणि कितीही आपुलकीने असो, ‘तू कॅटेगरीतून का?’ हे विचारायचं नाही. सांगायचं की नाही, कोणाला, कधी, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

शब्द टाकणं

शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या आदेशाने करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या, हे सगळ्यांना माहीत असतं. कंपनीतल्या मॅनेजरला त्यांची दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची आहे. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर चहाचं दुकान टाकलं. दलिताच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. महाराज आपला खडखडा (घोडागाडी) दुकानासमोर थांबवून, भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत तिथला चहा घेऊ लागले आणि सोबतच्यांनाही पाजू लागले. सल्ला दिला नाही, व्याख्यान दिलं नाही. आपल्या पदाचं वजन दुसऱ्याच्या धंद्यामागे उघडपणे उभं केलं.

ऑफिसात हेच करायचं तर वर्षाला दोन माणसं धरा, जास्त नकोत. तुमच्या कॉलेजातली, तुमच्या भाषेची, तुमच्या गाडीतून येणारी नकोत. प्रत्येकाला वरिष्ठांच्या नजरेस पडेल असं एक काम द्या आणि त्या कामाला लागणारा वेळही द्या, नाहीतर तो फक्त जादा बोजा होतो. अप्रेझलच्या कॅलिब्रेशन मीटिंगला (जिथे सगळे मॅनेजर मिळून रेटिंग ठरवतात) जाताना त्या माणसाच्या कामाचे तीन पुरावे तारखेसह लिहून न्या. ‘चांगला मुलगा आहे’ हे तिथे टिकत नाही. ‘मार्चमध्ये पेमेंट मॉड्यूलचा रिस्पॉन्स टाइम निम्म्यावर आणला’ हे टिकतं. क्लायंटला मेल जाईल तेव्हा काम कोणी केलं त्याचं नाव त्यात घाला आणि त्याला सीसीत ठेवा.

हे कशाने बिघडतं? उपकाराच्या भाषेने. ‘मी तुला पुढे आणलं’ असं एकदा जरी तोंडातून निघालं की समोरचा कायमचा देणेकरी होतो आणि नंतर तुमच्या चुका दाखवत नाही. लिंक्डइनवर त्याच्यासोबतचा फोटो टाकून ‘इन्क्लूजन’बद्दल लिहिणं हाही उपकाराचाच प्रकार.

कायद्याने काय असायलाच हवं

हे तपासायला अर्धा तास लागतो, आणि आपल्या कंपनीत यातलं काय नाही हे बऱ्याच लीडना माहीत नसतं.

- दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर पॉश कायदा, २०१३ (कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) नुसार अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ महिला, किमान निम्म्या सदस्य महिला, एक सदस्य कंपनीबाहेरचा. समितीची नावं भिंतीवर लावलेली असली पाहिजेत.
- दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ खासगी कंपनीलाही समान संधी धोरण जाहीर करायला लावतो. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यासाठी संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यातले बरेच डोळ्यांना दिसत नाहीत.
- पन्नास किंवा जास्त कर्मचाऱ्यांना पाळणाघराची सोय. २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेबद्दल सगळे बोलतात, पाळणाघर विसरतात.
- महाराष्ट्रात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती, सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंत वाहन हवं. दारापर्यंत म्हणजे सोसायटीच्या चौकापर्यंत नव्हे.
- ट्रान्सजेंडर व्यक्ती संरक्षण कायदा, २०१९ नुसार प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी.

जातीवरून भेदभावाची तक्रार ऐकायला वेगळी समिती ठेवा असं खासगी कंपनीला कुठला कायदा सांगत नाही. म्हणून कंपनीची आचारसंहिता उघडून ‘जात’ हा शब्द शोधा. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या संहितेत वंश, वर्ण, धर्म सगळं असतं आणि जात गाळलेली असू शकते, कारण मसुदा बाहेर तयार झालेला असतो. नसेल तर एचआरला दोन ओळींचा मेल टाका. अमेरिकेत असलेल्या मराठी मंडळींनाही हे लागू आहे. सिएटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये भेदभावविरोधी नियमांत जात घातली, असं करणारं ते तिथलं पहिलं शहर. कॅलिफोर्नियातलं तसंच विधेयक मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरने नकाराधिकार वापरून परत पाठवलं.

सॉफ्टवेअरवाल्यांना स्वतःच्या हाताने करता येतील अशा काही गोष्टी: मजकूर आणि पार्श्वभूमीचा काँट्रास्ट किमान ४.५ः१, सगळी कामं फक्त कीबोर्डवर होतात का ते तपासणं, स्क्रीन रीडर लावून आपलंच टाइमशीट पोर्टल एकदा भरून बघणं, कॉलवर कॅप्शन कायम चालू. रॅम्पचा उतार १ः१२, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. बऱ्याच ऑफिसांतला रॅम्प ट्रॉलीसाठी असतो, व्हीलचेअरसाठी नसतो.

कोणी तक्रार घेऊन आलं तर

आधी ऐका. ‘तो तसा नाहीये’, ‘त्याचा हेतू तसा नसेल’ ही दोन्ही वाक्यं गिळा. मग विचारा: ‘तुला काय व्हायला हवंय?’ कोणाला फक्त टीम बदलून हवी असते, कोणाला माफी, कोणाला रीतसर चौकशी. तुम्ही स्वतः चौकशी करू नका, समोरच्या पक्षाला गुपचूप विचारूही नका. तारीख, वेळ, शब्द, कोण हजर होतं, हे तिला किंवा त्याला त्याच दिवशी लिहून ठेवायला सांगा. चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवायला सांगा.

लैंगिक छळाची तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. समिती कारणं लिहून आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. तडजोड फक्त तक्रारदार बाईने मागितली तरच, आणि पैशांवर तडजोड चालत नाही. ‘आपसात मिटवू’ म्हणणारा लीड इथे मदत करत नाही, तो मुदत खात असतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून अपमानित केलं असेल तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा लागू होऊ शकतो. पोलिसांत जायचं की नाही हा निर्णय त्या माणसाचा. दोन्ही बाजूंनी रेटू नका.

दर सहा महिन्यांनी बघायचे आकडे

अर्ज किती, टेस्ट पास किती, मुलाखत किती, ऑफर किती, वर्षभरानंतर टिकले किती. हे पाच आकडे रेफरल आणि बिगर-रेफरल, महिला आणि पुरुष, पुणे-मुंबईतली कॉलेजं आणि बाहेरची, असे वेगळे काढा. जातीची नोंद नावासह कधीच ठेवू नका. कंपनीला सर्व्हे करायचाच असेल तर निनावी, ऐच्छिक, आणि दहापेक्षा लहान गटाचा आकडा न छापता. आठ जणांच्या टीममध्ये ‘एक अनुसूचित जमाती’ असं छापणं म्हणजे नाव छापण्यासारखंच.

गळती कुठे आहे ते या पाचांतून दिसतं. ऑफरपर्यंत माणसं येतात आणि वर्षात जातात, तर भरतीत काही बदलू नका, कामवाटपाचा तक्ता काढा. टेस्टलाच अडकत असतील तर टेस्ट बघा: प्रश्नपत्रिका कोणी काढली, नमुना प्रश्न खरंच मिळाले होते का, आणि परीक्षा ऑफिसात शनिवारी सकाळी नऊला ठेवली असेल तर जालन्याहून येणाऱ्याने आदल्या रात्री पुण्यात राहायचं कुठे होतं.